विश्लेषण : देवळाची भिंत ते शाळेच्या आवारातील पुतळा… शिल्पकार नानासाहेब करमरकर यांचे आयुष्य चित्रकलेच्या वर्गाला काय सांगते?

मांडवा जेट्टीवर उतरून अलिबागकडे निघाले, की वाटेत सासवणे लागते. नारळी-पोफळीच्या या गावात एका घराच्या अंगणात आणि दालनांत माणसे उभी आहेत, बसली आहेत, ओझी वाहत आहेत. पण ती सारी शिल्पे आहेत. हे घर शिल्पकार विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर यांचे. पुण्यातील शिवरायांचा भव्य अश्वारूढ पुतळा घडवणारे ते हेच. त्यांच्या घडणीची सुरुवात एका भिंतीवरच्या चित्रापासून झाली. शाळांमध्ये चित्रकलेचा तास आजही ऐच्छिक मानला जात असताना हे आयुष्य पुन्हा वाचण्यासारखे का आहे, याविषयी…

नानासाहेब करमरकर कोण होते?

करमरकरांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी सासवणे येथे झाला. तेव्हा हा भाग कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले. मुंबईतील सर ज. जी. कला विद्यालयात, म्हणजे ‘जेजे’मध्ये त्यांचे शिक्षण झाले. पुढे त्यांनी कोलकात्यात काम केले, लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत अभ्यास केला आणि परतल्यावर भारतातील आघाडीच्या शिल्पकारांत स्थान मिळवले. भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ने गौरवले. १३ जून १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

एवढी माहिती कोणत्याही चरित्रकोशात सापडेल. पण समुद्राकाठच्या लहान गावातील, कलेच्या कोणत्याही संस्थेपासून दूर असलेला मुलगा इथवर पोहोचला कसा, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर केवळ ‘उपजत प्रतिभा’ या दोन शब्दांत संपत नाही.

भिंतीवर काय घडले?

विनायकने गावातील देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. आयसीएस अधिकारी ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेला ते पडले. चित्र कोणी काढले याची त्यांनी चौकशी केली. हा मुलगा शिकला पाहिजे, असे त्यांना वाटले आणि मुंबईला जेजेत त्याच्या शिक्षणाची व्यवस्था झाली.

प्रसंग लहान आहे, पण त्यात बऱ्याच गोष्टी दडल्या आहेत. भिंत सार्वजनिक होती, म्हणजे चित्र लोकांसमोर आले. ते पुसले गेले नाही, म्हणजे गावाने ते राहू दिले. पाहणाऱ्याने केवळ कौतुक करून पाय काढता घेतला नाही, तर पुढची वाट उघडून दिली. या तिन्हींपैकी एक जरी कडी निसटली असती, तर सासवण्याचा हा मुलगा कदाचित हौशी चित्रकार म्हणूनच राहिला असता.

रॉथफील्ड यांची कलेची आवड वरवरची नव्हती. भारतातील स्त्रियांविषयी त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकासाठी पुढे जेजेचेच अध्यापक, चित्रकार एम. व्ही. धुरंधर यांनी चित्रे काढली. पाहण्याची सवय असलेला माणूस त्या भिंतीसमोर येणे हा योगायोग होता. शाळेत मात्र हे योगायोगावर सोडण्याचे कारण नाही. तिथे पाहण्याचे काम कलाशिक्षकाकडे नेमून दिलेले असते.

घर आणि गाव ही पहिली शाळा कशी ठरली?

करमरकरांच्या घरात गणपतीच्या मूर्ती घडवण्याची परंपरा होती. कोकणातील अशा घरात वाढणाऱ्या मुलाला माती हाताळायला कोणी वेगळे शिकवावे लागत नाही. माती किती भिजवायची, कधी ती हाताला चिकटते, कधी तडकते, सोंडेचे वळण कुठून सुरू होते, हे मूल बघत बघत शिकते. मूर्तिकाराच्या पडवीत आजही हेच चालते. रायगडमध्ये पेण आणि आसपासच्या गावांत वर्षभर गणेशमूर्ती घडतात. तिथल्या कारखान्यांमधून मुलांची ये-जा असते. आधी एखादा लहानसा उंदीर, मग पाट, मग रंगाचा हात, अशी पायरीपायरीने कामाची वाटणी होते.

या शिकण्याची दोन वैशिष्ट्ये आहेत. पहिले, मोठी माणसे मुलांसमोर स्वतः काम करत असतात. दुसरे, मुलाची चूक ही मोडून पुन्हा लिंपता येणारी माती असते. तिला लाल शाईचा शेरा मिळत नाही. चित्रकलेच्या वर्गात या दोन्ही गोष्टी आणणे फारसे खर्चिक नाही. शिक्षकाने तासातील दहा मिनिटे मुलांसमोर स्वतः रेखाटन केले आणि त्यात झालेली चूक लपवता दुरुस्त न करता सर्वांसमोर सुधारून दाखवली, तरी वर्गाची हवा बदलते. सरांचीही रेषा चुकते आणि चुकल्यावर पुढे असे जायचे, हे मुलांना दिसते.

त्याच काळात जगात काय घडत होते?

विनायक सासवण्यात वाढत होता, त्याच काळात ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात फ्रान्झ चिझेक हा कलाशिक्षक मुलांच्या चित्रांकडे नव्याने पाहत होता. एका कुंपणावर चित्रे काढण्यात गुंग झालेली मुले त्याने पाहिली. मोठ्यांनी काहीही न शिकवता ही मुले एकमेकांकडून नियम शिकत होती आणि काढत होती. १८९७ मध्ये चिझेकने मुलांसाठी कलावर्ग सुरू केला. मुलाचे चित्र म्हणजे मोठ्यांच्या चित्राची कच्ची नक्कल नव्हे, त्याला स्वतःचे नियम असतात, हा विचार तिथून जगभर पसरला.

व्हिएन्नाचेच व्हिक्टर लोवेनफेल्ड पुढे अमेरिकेत स्थायिक झाले आणि १९४७ मध्ये त्यांचे मुलांच्या सर्जनशील वाढीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. कलाशिक्षणात ते आजही अभ्यासले जाते. वयाच्या साधारण बाराव्या-तेराव्या वर्षापासून मूल स्वतःच्या चित्राचे कठोर परीक्षण करू लागते, ही त्यातील एक महत्त्वाची मांडणी. लहानपणी बिनधास्त चित्र काढणाऱ्या मुलाला आता आपला हात माणसाच्या हातासारखा दिसत नाही, हे खुपू लागते. याच टप्प्यावर अनेक मुले ‘मला चित्र येत नाही’ असे ठरवून टाकतात.

हा टप्पा म्हणजे आपल्याकडील सातवी ते दहावी. म्हणजे माध्यमिक शाळेतील चित्रकलेचा वर्ग नेमका त्या वेळी भेटतो, जेव्हा मूल कला सोडून देण्याच्या बेतात असते. त्या वर्गात हसू झाले, वहीवर फुली पडली, तर निर्णय तिथेच पक्का होतो.

जेजेने करमरकरांना काय दिले?

मुंबईतील जेजेची स्थापना १८५७ ची. करमरकर तिथे गेले तेव्हा सेसिल बर्न्स प्राचार्य होते. त्या काळचे शिक्षण युरोपीय पद्धतीचे होते. प्लॅस्टरच्या नमुन्यांवरून रेखाटन, छायाप्रकाश, यथार्थदर्शन, मानवी शरीराची प्रमाणे यांवर भर असे. या पद्धतीवर टीका पुष्कळ झाली आहे आणि ती बरीचशी रास्तही आहे. समोर ग्रीक पुतळ्यांचे नमुने आणि खिडकीबाहेर मुंबई, असा तो विरोधाभास होता.

तरीही सासवण्याहून आलेल्या मुलाला या शिस्तीने एक गोष्ट दिली. मनात असलेले रूप हाताने उतरवण्याचे सामर्थ्य. केवळ स्वातंत्र्य देऊन वर्ग पोषक होत नाही. मुलाला जे करून पाहायचे आहे, त्यासाठी लागणारे कौशल्यही कोणीतरी नीट, पायरीने शिकवावे लागते. बारा वर्षांच्या मुलाला आपला हात नीट का दिसत नाही, हे कळत नाही. तळव्याची लांबी आणि मधल्या बोटाची लांबी जवळपास सारखी असते, एवढे एकदा मोजून दाखवले, तर त्याची निम्मी भीती जाते.

जेजेने दुसरी गोष्टही दिली. समोर पोहोचण्याजोगे उदाहरण. याच विद्यालयात शिकत असताना गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ मध्ये ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प घडवले होते आणि त्याचा मोठा बोलबाला झाला होता. आपल्यासारखाच मराठी घरातील विद्यार्थी हे करू शकतो, हा पुरावा नंतरच्या विद्यार्थ्यांसमोर होता.

कोलकात्याची वाट कशी उघडली?

शिक्षणानंतर करमरकरांची गाठ सुरेंद्रनाथ टागोर यांच्याशी पडली. सुरेंद्रनाथ हे रवींद्रनाथांचे पुतणे. त्यांचे वडील सत्येंद्रनाथ हे पहिले भारतीय आयसीएस अधिकारी आणि त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली होती, त्यामुळे या घराण्याचा मराठी मुलखाशी जुना संबंध होता. सुरेंद्रनाथांच्या प्रोत्साहनाने करमरकर १९१६ च्या सुमारास कोलकात्याला गेले आणि तिथे शिल्पकार म्हणून उभे राहिले. त्यानंतर इंग्लंडला जाऊन त्यांनी रॉयल अ‍ॅकॅडमीत अभ्यास केला.

सासवणे, मुंबई, कोलकाता, लंडन हा प्रवास नकाशावर पाहिला तर प्रत्येक वळणावर कोणीतरी दार उघडणारे दिसते. गुणी मूल आपोआप पुढे येते, असा आपला एक समज आहे. करमरकरांचे आयुष्य तो खोडून काढते. कष्ट त्यांचे होते, हात त्यांचा होता. पण पुढचा पत्ता सांगणारे माणूस प्रत्येक वेळी दुसरे होते.

आज हे काम शाळेतील कलाशिक्षक करू शकतो. दहावीनंतर कलाक्षेत्रात कोणते अभ्यासक्रम आहेत, मूलभूत अभ्यासक्रम कुठे होतो, प्रवेश कसा मिळतो, ही माहिती किनारपट्टीवरील कोळीवाड्यातल्या किंवा शेतकऱ्याच्या घरातील मुलाला घरून मिळण्याची शक्यता कमी. ती वर्गाच्या फळ्याशेजारी लावलेली असली, तर एखाद्याचे आयुष्य बदलू शकते.

शिवरायांच्या पुतळ्याचे महत्त्व काय?

करमरकरांची सर्वाधिक गाजलेली निर्मिती म्हणजे पुण्यातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील शिवाजी महाराजांचा ब्रॉन्झचा अश्वारूढ पुतळा. १९२८ मध्ये त्याचे अनावरण झाले. इतका मोठा पुतळा मुंबईत माझगावच्या गोदीत एकसंध ओतला गेला, ही त्या काळात मोठी तांत्रिक कामगिरी मानली गेली.

गावच्या भिंतीवर ज्यांचे चित्र काढून हा मुलगा कोणाच्या तरी नजरेत भरला, त्यांचाच पुतळा त्याने पुढे घडवला. मुलांना चित्राचा विषय कोण देते, हा मुद्दा इथे महत्त्वाचा ठरतो. त्या भिंतीवरचा विषय परीक्षेने दिलेला नव्हता. तो मुलाच्या मनातून आला होता आणि वर्षानुवर्षे मनात राहिला. वर्गात ठरावीक विषयांबरोबर महिन्यातून एकदा तरी मुलांना स्वतःचा विषय निवडू दिला, तर त्यांच्या मनात काय घोळते आहे ते शिक्षकाला दिसते.

आणखी एक बाब. हा पुतळा शाळेच्या आवारात आहे. तिथली मुले रोज येता-जाता एक अव्वल शिल्प पाहतात. चांगली कला रोज नजरेसमोर असणे हासुद्धा कलाशिक्षणाचाच भाग आहे.

सासवण्याचे घर काय सांगते?

मोठ्या नावाजलेल्या माणसांचे पुतळे करणे हा करमरकरांचा व्यवसाय होता. पण सासवण्याच्या घरात जी शिल्पे पाहायला मिळतात, त्यांत साध्या माणसांची संख्या मोठी आहे. कोळीण, हमाल, शंख फुंकणारा माणूस, आजूबाजूची मुले आणि म्हातारी माणसे. आवारातील म्हैस पाहून क्षणभर ती खरीच वाटते. सिमेंटसारखे स्वस्त, बांधकामावरचे साहित्यही त्यांनी शिल्पासाठी ताकदीने वापरले. हे घर आज करमरकर शिल्पालय म्हणून ओळखले जाते. तिथे त्यांची शंभराहून अधिक शिल्पे जतन केली आहेत.

लंडनला शिकून आलेल्या या कलावंताला आपल्या गावची म्हैस आणि पाटी घेतलेली बाई शिल्पाला कमी दर्जाची वाटली नाही. किनारपट्टीवरील शाळांसाठी हा मोठा धडा आहे. आपल्याकडे निसर्गचित्र म्हटले, की मुले दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळणाची नदी आणि कौलारू घर काढतात. मात्र शाळेच्या खिडकीतून समोर खाडी असते, वाळत घातलेले बोंबील असतात, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या असतात, शेताच्या बांधावर बगळे असतात. ते चित्रात येत नाही, कारण ते चित्रात यायच्या लायकीचे आहे, असे मुलांना कोणी सांगितलेलेच नसते.

मग वर्गात नेमके काय बदलता येईल?

करमरकरांच्या आयुष्यातून काही गोष्टी थेट उचलता येतात.

*भिंत मोकळी ठेवा.* वर्गातील किंवा व्हरांड्यातील एक भिंत मुलांच्या कामासाठी राखून ठेवावी. तिच्यावर केवळ बक्षीस मिळालेली चित्रे लावू नयेत. दर पंधरवड्याला आळीपाळीने प्रत्येकाचे काम लागावे. आपले चित्र चार लोक पाहतात, हे कळल्यावर मूल अधिक मन लावून काम करते.

*आधी पाहा, मग बोला.* ‘छान’ किंवा ‘पुन्हा काढ’ या दोन्ही शेऱ्यांतून मुलाला काहीच कळत नाही. होडीचा कललेला दांडा नीट जमला आहे, पाण्यातली सावली मात्र होडीपासून सुटली आहे, असे सांगितले तर त्याला पुढची पायरी दिसते.

*मुलाच्या कागदावर स्वतः रेघ ओढू नका.* शिक्षकाचा सफाईदार हात लागला, की चित्र सुधारते. पण ते मुलाचे राहत नाही. दुरुस्ती दाखवायची तर वेगळ्या कागदावर दाखवावी.

*साहित्याची अडचण बोलून सोडवा.* महागडी रंगपेटी न आणल्याबद्दल वर्गाबाहेर उभे राहिलेले मूल चित्रकलेचा तास जन्मभर विसरत नाही, आणि ते चित्रासाठी नव्हे. कोळसा, माती, गेरू, जुनी वर्तमानपत्रे, समुद्रावरचे शिंपले यांतून उत्तम काम होऊ शकते. रंगांची एक सामाईक पेटी वर्गात असावी.

*हसण्याला वर्गात जागा नको.* स्वतःचे चित्र दाखवायला घाबरणारे मूल या वयात बहुधा वर्गमित्रांच्या हसण्याला घाबरत असते. पहिल्याच आठवड्यात हा नियम सर्वांनी मिळून ठरवावा.

ग्रेड परीक्षेचे काय?

महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांची परंपरा जुनी आहे. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन अशी त्यांची रचना आहे. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळत असल्याने पालकही या परीक्षांकडे गंभीरपणे पाहतात. या परीक्षांमुळे अनेक शाळांत चित्रकला टिकून आहे, हे मान्य करायला हवे.

अडचण येते ती पाठांतराची. स्मरणचित्रासाठी बाजार, बसथांबा, विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका अशी ठरलेली चित्रे घोकून घेतली जातात. खरे तर स्मरणचित्र हा करमरकरांच्या वाटेने जाणारा विषय आहे. मासळीबाजारात जाऊन अर्धा तास नुसते बघायचे, मापे घेणारा हात, वाकलेली पाठ, टोपलीचा भार कुठल्या खांद्यावर आहे ते डोक्यात साठवायचे आणि वर्गात येऊन काढायचे. अशी तयारी केली, तर परीक्षाही चांगली जाते आणि डोळाही घडतो.

सगळी मुले शिल्पकार होणार नाहीत, मग एवढा खटाटोप कशाला?

प्रश्न रास्त आहे. एका वर्गातील बहुतेक मुले पुढे बोटीवर, बँकेत, शेतात, कारखान्यात काम करतील. पण नीट पाहणे, हाताने घडवणे, चूक सुधारून पुढे जाणे आणि दुसऱ्याच्या कामाविषयी जबाबदारीने बोलणे या गोष्टी कोणत्याही कामात लागतात. त्यांचा सराव देणारा शाळेतील तास फार थोडा आहे. परीक्षा जवळ आली, की गणित किंवा विज्ञानासाठी सर्वात आधी तोच तास मागून घेतला जातो.

वर्गात बसलेला एखादा विनायक आधी ओळखता येत नाही, हेही तितकेच खरे. सासवण्याच्या त्या मुलाच्या कपाळावर काही लिहिलेले नव्हते. भिंतीवर फक्त एक चित्र होते आणि कोणीतरी थांबून ते पाहिले. रायगडच्या किनाऱ्यावरील शाळांना सासवणे दूर नाही. आठवी-नववीच्या मुलांना एकदा शिल्पालयात नेऊन प्रत्येकाला आवडलेल्या एका शिल्पासमोर वही-पेन्सिल देऊन तासभर बसवले, तरी सुरुवात होईल. परतल्यावर ती चित्रे शाळेच्या भिंतीवर लावायला मात्र विसरू नये.